सगळ्यांनी बघितलेली पिशवी

१

फौजदार सूर्यभान यांनी माझ्या टेबलावर गोणपाट उलटं केलं आणि मी खुर्चीसकट मागे सरकले. रक्ताचा मला विटाळ नाही. भिंगारच्या निम्म्या बायकांची बाळंतपणं मीच केलीत. पण सकाळच्या चहाशेजारी कुणी असल्या वाळून कडक झालेल्या चिंध्या ओतल्या, तर कुणाचंही डोकं फिरेल.

"उचला आधी ते! हा दवाखाना आहे, तुमचं पोलीस ठाणं नव्हे."

"माफ करा बाई, पण हे बाईमाणसानंच बघायला हवं. कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवलं होतं." त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली. "मिरजगावच्या पलीकडं एक वस्ती आहे. तिथली लंकाबाई परवा मेली. घरच्यांनी तासाभरात सरण रचलं. भाऊ पोचला तेव्हा राख उरली होती. त्यानं गंज उसकटली तर हे सापडलं. तो म्हणतो, नवऱ्यानं पोटात लाथ घालून मारलं. नवरा गहिनीनाथ माझ्याकडं कोठडीत आहे. दोन लहान पोरी आहेत त्याला."

मी चिमट्यानं एक चिंधी उचलली. अख्खं लुगडं फाडलं होतं, आणि ते काठोकाठ भिजलेलं होतं. गुठळ्या वाळून चिकटल्या होत्या.

"पोट पडलं असेल," मी म्हणाले. "किंवा पाडलं असेल."

"तिथंच घोडं अडलंय बाई. तिची पिशवी गेल्या वर्षीच काढून टाकलीय. बाजारगावच्या राधाकृष्ण डॉक्टरनं. मी विचारून आलो त्याला. तो म्हणाला, पिशवी काढलेल्या बाईचं आयुष्य असंही कमीच होतं, त्यात लाथ बसली, आणखी काय व्हायचं?"

असला संताप आला मला! नीट कारणासाठी, नीट हातानं पिशवी काढलेल्या किती बायका माझ्याकडे येतात, नातवंडांची लग्नं लावून येतात. हां, उगाच भर तारुण्यात काढली, शेजारचे बीजकोषही ओरबाडले, तर बाई लवकर झिजते, हे मी बघितलंय. पण झिजते, अशी रक्ताच्या थारोळ्यात मरत नाही.

"सूर्यभान, टाक्यातून थोडंफार रक्त जाऊ शकतं. पण वर्षभरानं हे एवढं? लाथ नुसत्या आतड्याला बसली तर या वाटेनं असा पूर येत नाही."

"मग आलं कुठून?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मी औषधांची बॅग भरली, ड्रायव्हरला हाक मारली आणि दवाखान्याला कुलूप घातलं.

२

त्या वर्षी दुष्काळानं वस्तीचा पार पाचोळा केला होता. विहिरीत खडक दिसत होता आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. लंकाबाईची सासू मुक्ताबाई ओट्यावर बसली होती. थोराड बाई, हाताचे पंजे पुरुषासारखे. आसपासच्या सगळ्या अवघडलेल्या बायका चोळून घ्यायला हिच्याकडंच येतात, असं फौजदारांनी वाटेत सांगितलं होतं. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, हेही सांगितलं होतं.

"चिंध्या तुम्हीच लपवल्या ना, मावशी?"

"मीच लपवल्या. पिशवी काढल्याल्या बाईचं इतकं रगत गेलं म्हनल्यावर लोक काय बोलले असते? कुनाचं पाप म्हनले असते."

"मुलानं मारलं होतं तिला?"

"माज्या गहिनीनं? त्यो तिला घाबरायचा, बाई! तोंडाची लई तिखट हुती ती. मला एक बोलू देत न्हवती." मग पदर सारखा करत, "तिच्यावाचून आता घर खायाला उठतं."

"पिशवी का काढली?"

"मुकादम म्हनला, ऊसतोडीला यायचं तर दर म्हैन्याला खाडा चालनार न्हाई. टोळीतल्या समद्या बायकांची तिथंच काढली. दोन्ही सुनांची माज्या. म्हनलं बरं हाय, कावळा शिवायची कटकट जाईल, बाजूला बसायला नको. पैलं दोन-चार म्हैनं जातच हुतं पयल्यावानी. डाक्तर म्हनला, जुनं रगत हाय, निघून जाऊ द्या. मग थांबलं. आमी नारळ फोडला."

हे ‘जुनं रक्त’ काय प्रकरण आहे ते मला कळेना. असलं काही नसतं. डॉक्टरला एकतर अक्कल नसणार, नाहीतर लाज.

"पिशवी काढल्याचं तुम्ही डोळ्यांनी बघितलं?"

"व्हय तर! ताटात घालून भायेर आनून दावली न्हवं का. समद्यांनाच दावत्यात. उकडल्याल्या रताळ्यावानी दिसत हुती. मला तर रडूच कोसळलं, डोळ्याचं पानी खळंना. पदर भिजला माजा."

ज्या सुनेशी उभा दावा, तिच्या पिशवीसाठी एवढं रडू? मी मनात खूण करून ठेवली. म्हातारी ढोंगी तरी होती, नाहीतर मला न कळणारी माया होती तिच्यात.

उठताना दारात धाकटी सून बायडाबाई दिसली. हडकुळी पोर. चेहरा कागदासारखा पांढरा, पदर पोटावर घट्ट धरलेला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "जाऊबाईंच्या पोटात गाठ झाली हुती. माज्याबी झालीया. डाक्तर उद्या काढनार हाय."

"बघू दे मला."

"न्हाई न्हाई!" ती आत पळाली. मुक्ताबाई कडाडली, "डाक्तरानं सांगितलंय, दुसऱ्या कुनाचा हात लावून घ्यायचा न्हाई म्हनून!"

रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरचा हात लावू नको म्हणणारा डॉक्टर! मी चारचौघांत असते तरी तिथं थुंकले असते.

३

गहिनीनाथ कोठडीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. मला बघून उठला आणि हात जोडले.

"बाई, देवाशपथ, म्या हात लावला न्हाई. कामावनं आलो तर ती आतल्या घरात पडली हुती. आई पोट चोळत हुती तिचं. मग एकदम रगत सुरू झालं. थांबंचना. डाक्तरला आनायला सायकल काढंस्तोवर गेली."

"आई नेहमी चोळायची?"

"रोज. गाठीसाठी. आईच्या हाताला गुन हाय म्हनत्यात लोक."

"तू ती पिशवी बघितली होतीस?"

"बघितली की. मुठीएवढी. राखाडी. कडंला बोराएवढी एक गाठ हुती, डाक्तरनं बोट लावून दावली. म्हनला, हीच गाठ वाढून तुजी बायको मेली असती, म्या वाचवली. म्या पाया पडलो त्याच्या." त्यानं नाक ओढलं. "डोळं असं झोंबाय लागलं, की मला ते ताट नीट बघताच येईना. फौजदारसाहेब, माज्या पोरींना भाकर कोन करून घालतंय वो?"

सूर्यभान तोंड फिरवून बाहेर गेले. मीही गेले. पण माझ्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. रडणाऱ्याचे डोळे भरून येतात. याचे झोंबले होते.

"आता कुठं?" फौजदारांनी विचारलं.

"मुकादमाकडं. तो रडला का, ते बघायचंय."

४

सहादेव मुकादम खडीच्या कामावर सावलीत बसून सुकडी खात होता. ही सरकारी सुकडी लहान मुलांना आणि पोटुश्या बायकांना वाटायची, ती हा गिळत होता. समोर बायका उन्हात दगड वाहत होत्या. त्याच्या अंगावर शर्ट नवा, मनगटावर घड्याळ.

"पिशव्या काढायला तूच नेतोस बायकांना?"

"भल्यासाठीच की, बाई! म्हैन्याला खाडा न्हाई, पोरं व्हायची झंजट न्हाई. बैलबी आपुन ठेचून घेतोच की. ऊस तोडायचा तर अंग मोकळं पायजे." तो हसला. "माज्या सोताच्या मंडळीची बी काढलीया. मी काय दुजाभाव करत न्हाई."

बैल! फौजदारांच्या हातातली काठी मी काढून घेतली असती, तर मला तुरुंगात जावं लागलं असतं.

"तुला दाखवली होती? बायकोची?"

"दावली तर. ताटात. उकडल्यावानी राखाडी, अन कडंला ह्ये एवढं बोराएवढं..."

"बोराएवढी गाठ."

"तुमाला कसं म्हायती?"

"आणि तू रडलास."

मुकादम एकदम ओशाळला. "आता काय सांगायचं बाई. मी बापाच्या मौतीला रडलो न्हाई. पन ते ताट समोर आलं अन डोळ्यातनं धारा लागल्या. नाकातनंबी. डाक्तर म्हनला, तुजं काळीज मऊ हाय."

मी तिथंच एका दगडावर बसले. सासू रडली, नवऱ्याचे डोळे झोंबले, आणि या दगडाच्या डोळ्यांतनंसुद्धा धारा लागल्या. काळजाचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

"चला सूर्यभान. गाडीत सांगते. आधी बायडाबाईला गाठू."

जीप धुरळा उडवत वस्तीवर आली, तर ओटा मोकळा. लंकाबाईची थोरली पोर दारात बसून बहिणीच्या डोक्यातल्या उवा काढत होती.

"आजी कुठाय गं?"

"काकूला घिऊन डाक्तरकडं गेली. डाक्तरचा मानूस आल्ता. आजच काढायची म्हनला गाठ."

आमची चौकशी डॉक्टरच्या कानावर गेली होती.

५

"तुम्ही गाडी हाणा, मी बोलते," ड्रायव्हरला म्हणाले आणि फौजदारांकडे वळले.

"आत्ता पोटातून काढलेली पिशवी कशी असते, ठाऊक आहे? लाल. कोमट. रक्तानं ओली. वास रक्ताचा. तिच्यानं कुणाचे डोळे झोंबत नाहीत. पण शरीराचा तुकडा नासू नये म्हणून आम्ही तो बरणीत औषधात बुडवून ठेवतो. फॉर्मलिन. त्यात राहिला की तो राखाडी होतो, घट्ट होतो, उकडल्यासारखा दिसतो. आणि ताटात काढला की समोरच्याच्या डोळ्यांतनं, नाकातनं पाणी काढतो. मग तो माया करणारा असो नाहीतर सहादेव असो."

"म्हणजे जुनीच कुठली तरी..."

"बायकांच्या पिशव्या बायकांच्या तोंडासारख्या असतात. एकीसारखी दुसरी नाही. आणि लंका नि मुकादमाची बायको, या दोघींच्या पिशवीला एकाच कडेला, बोराएवढी एकच गाठ? सूर्यभान, सगळ्या टोळीनं एकच पिशवी बघितलीय. कुठल्या तरी मेडिकल कॉलेजातनं उचलून आणलेली. तो भूल देतो, कातडी चिरतो, शिवतो, बरणीतली पिशवी ताटात घालून मिरवतो आणि परत बरणीत टाकतो. पोट उघडायची त्याला अक्कल नाही. गरजही पडली नाही त्याला."

फौजदारांच्या तोंडून एक शिवी गेली. मी ऐकलीच नाही असं दाखवलं.

"मग त्या बायकांच्या पिशव्या..."

"आहेत तिथंच आहेत. म्हणून तर महिना चालू राहिला. ‘जुनं रक्त’ म्हणे! आणि मग एक दिवस तो थांबला आणि यांनी नारळ फोडला. का थांबला असेल सांगा बघू. तुम्हाला चार पोरं आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून ओरडले, "दाब रे!"

६

दवाखाना म्हणजे अडत दुकानाच्या मागची खोली. भिंती कधी काळी पिवळ्या होत्या. कोपऱ्यात वापरलेल्या कापसाचा ढीग, त्यावर माशा घोंघावत होत्या. वास असा, की मी पदर नाकाला लावला. टेबलावर बायडाबाई आडवी, उशाशी मुक्ताबाई. राधाकृष्ण डॉक्टर सुईत औषध ओढत होता. केस तेलानं चापून बसवलेले, तोंडात पान.

"सुई खाली ठेव," मी म्हणाले.

"आपण कोण?"

"डॉक्टर रूथ वाघचौरे. हे फौजदार. ठेव म्हणते ना!"

सूर्यभाननी त्याचं मनगट धरलं आणि सुई काढून घेतली. मी बायडाबाईपाशी गेले.

"हात लावू का गं पोरी?"

तिनं सासूकडं बघितलं. मग डोळे मिटून मान हलवली. मी पदर बाजूला केला. बेंबीखाली टाक्यांचा व्रण होता, आणि व्रणाच्या वर, बेंबीलाही ओलांडून, ती ‘गाठ’. मी बॅगेतनं लाकडी नळी काढली, तिच्या पोटावर टेकवली आणि कान लावला. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला सरकवली.

होतं. भराभर, घाईघाईनं, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखं.

"सूर्यभान, इकडे या. कान लावा."

बिचारे लाजले, पण आले. ऐकलं. उठले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बाई," बायडाबाईनं माझा हात पकडला, "मला ते पोरावानीच वाटायचं वो. लाथा मारतंया. पन म्हनलं, पिशवीच न्हाई तर पोर ऱ्हाईल कुटं? येडी म्हनले असते मला."

"वेडी नाहीस तू. पोरच आहे. आणि जितं आहे."

डॉक्टर मान वर करून बोलायला लागला. "हे बघा, मी कुणाचं वाईट केलेलं नाही. त्या बायकांना काढूनच हवी होती. खरी काढली असती तर निम्म्या टेबलावरच गेल्या असत्या. मी उलट त्यांचं आयुष्य वाचवलं. आतलं काही कमी केलं नाही मी कुणाचं!"

हे तो गंभीरपणे बोलत होता, पान चघळत. माझ्या उभ्या आयुष्यात मला माणसाची इतकी किळस कधी आली नाही.

पडद्यामागं फळी होती. तिच्यावर बरणी. मी झाकण फिरवलं आणि चिमट्यानं आतला गोळा वर काढून ताटात ठेवला. राखाडी. मुठीएवढा. कडेला बोराएवढी गाठ. सूर्यभान वाकून बघायला आले आणि रुमाल काढून डोळे पुसायला लागले.

"काळीज मऊ आहे तुमचं," मी म्हणाले.

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी डॉक्टरच्या दंडाला धरलं. "फसवणुकीचा गुन्हा पक्का."

"फसवणूक? थांबा. मावशी, लंकाच्या पोटात गाठ आहे म्हणून हिच्यासारखंच तिलाही इथं आणलं होतंत ना? यानं तपासलं?"

मुक्ताबाईनं मान हलवली. ती ताटाकडंच बघत होती.

"काय म्हणाला?"

"म्हनला, गाठ हाय. रोज तेल लावून चोळ. जोर लावून दाब. जिरून जाईल."

"ऐकलंत, सूर्यभान? हात टेकवल्यावर याला कळलं असणार ती गाठ नाही. पोर वाढलं तर बरणीतली पिशवी खोटी ठरते. म्हणून ते पोर याला नको होतं, आणि आज हिचंही हा पाडणार होता. गर्भार पोटावर असा जोर दिला की आतल्या आत पोराची वार सुटते आणि बाईचं रक्त थांबत नाही. गहिनीनाथला सोडा. लंकाला यानं मारलं, कुणाचे तरी हात वापरून."

शेवटचं वाक्य तोंडातनं गेलं आणि मी जीभ चावली. पण म्हातारीला कळून चुकलं होतं. तिनं ताटावरची नजर काढली आणि स्वतःचे ते थोराड पंजे वर धरून बघितले.

"म्हंजी ती गाठ न्हवती," ती म्हणाली.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. मला जमलं नाही.

"नाही मावशी. नव्हती. पण तुम्हाला यानं फसवलं. दोष याचा आहे."

"हाताला कळत हुतं, बाई." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातला भाव सांगावा तसा. "किती बायका चोळल्या म्या. तेलाचा हात फिरवला की आत टाच लागायची. सरकायची. हात म्हनायचा, मुक्ते, हे पोर हाय. म्या हाताचं ऐकलंच न्हाई. डोळ्यानं पिशवी बघितली हुती ना."

बायडाबाई टेबलावरून उतरली. तिनं सासूचा हात ओढून आपल्या पोटाकडं नेला. "आत्या, बगा ना. हलतंय. आता आपल्याला म्हाईत हाय."

मुक्ताबाईनं हात हिसडून मागं घेतला आणि दोन्ही पंजे काखेत दाबून धरले. जीपमध्ये बसवताना आधाराला दांडी धरा म्हणालो, तरी तिनं ते बाहेर काढले नाहीत.